सूड, दोन सुयांवरचा

"काढा! आधी काढा ते! त्या कुत्र्याच्या गळ्यातनं आधी ते काढा म्हणतो मी!"

हा आवाज माझा. जागा मैसूरबाहेरची येलवालची नवी वसाहत, जिथं एकसारख्या बंगल्यांपुढं एकसारखी हिरवळ आहे आणि रविवारी सकाळी पाखरंसुद्धा परवानगी घेऊन ओरडतात. मी आयुष्यभर शाळेत पी. टी. मास्तर होतो. मैदानावर मी 'सावधान' म्हटलं की चामुंडीच्या डोंगरावरचा दगडी नंदी उठून उभा राहायला बघायचा, असं माझे जुने विद्यार्थी सांगतात. मी ते कधी नाकारलं नाही. त्या सकाळी तर मी त्याहून वर गेलो होतो. बंगल्याबंगल्यांतून माणसं बाहेर आली. कुणी तरी भूकंप झाला का म्हणून विचारलं.

समोर हिरवळीवर खुर्ची टाकून माझा मेहुणा विलास बसला होता, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. हातात कॉफीचा मोठा मग. पायाशी त्याचा सीझर, वासराएवढा लॅब्राडोर. आणि सीझरच्या गळ्यात दोन वेढे देऊन, पुढं ऐटीत गाठ मारलेला मरून रंगाचा मफलर. मी विणलेला. त्याचं एक टोक कुत्र्याच्या तोंडात होतं आणि कुत्रा ते ऊस खाल्ल्यासारखं खात होता.

"अहो भाऊजी, ओरडताय काय एवढं?" विलास म्हणाला. "सकाळचा गारठा असतो, त्याला थंडी वाजते. आणि तो रंग मला खुलत नाही."

"ती लोकर कुणाची आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"लोकर ती लोकर. मेंढीची असणार."

माझ्या हातून त्या दिवशी काय झालं असतं ते सांगता येत नाही. पण शालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझी बाही धरली. ती मूळची पुण्याची, पण इतकी वर्षं मैसूरला राहून तिच्या तोंडचं 'अहो' जाऊन कानडी 'रीं' आलेलं आहे. ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या रीं. लहान आहे तो."

लहान! साठी उलटलेला, गुडघा बदललेला, डोक्यावर नारळाइतकेही केस न उरलेला इसम! मी पुढं झालो, कुत्र्याच्या गळ्यातनं मफलर सोडवला. सीझर बिचारा शेपूट हलवत होता. त्या बंगल्यात माणुसकी असलेला तो एकटाच.

मैसूरला हिवाळा बाजारातनं येतो. एच. डी. कोटेकडनं अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या शेंगांची, पोती येऊन पडली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर त्या शेंगांचा तेलकट, उग्र, गोडसर वास सुटला, की आम्ही समजतो, चळी आली, म्हणजे थंडी. यंदाही परवा आली. शालन परातभर शेंगा घेऊन सोलायला बसली आणि तो वास नाकात शिरल्याबरोबर येलवालची ती सकाळ, तो मफलर, आणि त्यामागनं आलेला गेल्या सालचा अख्खा हिवाळा माझ्या अंगावर चालून आला. कुणाला वासानं माहेर आठवतं, कुणाला पहिलं प्रेम. मला सूड आठवतो. काय करणार? आमचे खापरपणजे महाराजांच्या घोडदळात होते. एका वारात सात गारद करायचे म्हणतात. ऐकणारा भाबडा असला तर मी नऊ सांगतो. ती तलवार कुठल्या काकाच्या माळ्यावर गंजून गेली. आमच्या वाट्याला धार असलेल्या वस्तू दोनच आल्या. एक जीभ, आणि दुसऱ्या आईच्या विणायच्या सुया.

विलास यंदाही हिवाळ्याला मुलाकडं कॅनडात गेलाय. पण यंदा त्यानं लोकरीचं नाव काढलं नाही.

आमची थंडी ती काय, असं हसणारे हसोत. आमच्या जयलक्ष्मीपुरममध्ये पारा जरा घसरला की लोक असे बाहेर पडतात, जणू हिमालय चढायला निघालेत. कुक्करहळ्ळी तळ्यावर पहाटे फिरायला जा. नवरा कुठला आणि शेजारी कुठला, माकडटोपीतनं ओळखू येत नाही. एकदा एक बाई परक्याच माणसाशी तळ्याला पूर्ण फेरी होईपर्यंत भांडत गेली होती. त्या टोप्यांतल्या निम्म्या माझ्या हातच्या. एकाला मी इतकी घट्ट टोपी विणून दिली होती की चार दिवस त्याला फक्त स्वतःचंच ऐकू येत होतं. पुढं तो राजकारणात गेला.

मिशा असलेला पी. टी. मास्तर आणि विणकाम, याचं लोकांना हसू येतं. येऊ दे. लहानपणी मी हत्तीवरनं पडलो आणि पाय मोडला. (कंपाउंडच्या भिंतीवरनं पडलो. पण भिंतीवर हत्तीचं चित्र होतं.) तो हिवाळा मी खाटेवर काढला. मला खाटेवर ठेवणं म्हणजे वादळाला पेटीत ठेवणं, म्हणून आईनं माझ्या हातात दोन सुया दिल्या. "सुम्ने ओरडू नको, हात चालव," म्हणाली. सुम्ने म्हणजे उगीच. तिचं सगळं बोलणं असंच, निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि दोन्हींच्या मध्ये कुठं शिवण दिसायची नाही. सुलटा टाका, उलटा टाका, टाका निसटला तर घाबरायचं नाही, खाली जाऊन उचलून आणायचा. एक गोष्ट मात्र ती फिरून फिरून सांगायची. "रागानं विणू नको रे. वीण घट्ट होते. माणसाचं डोकं आत जात नाही."

आमच्या घरात एक रीत आहे. दुसरीकडं कुठं मी ती पाहिली नाही. माणूस गेलं की त्याचे कपडे देऊन टाकतात, भांडी वाटतात, पण विणलेली वस्तू कुणाला देत नाहीत. ती उसवतात. उसवलेल्या लोकरीच्या लडी करतात, धुतात, आणि त्यातनं घरातल्या एकेकासाठी काही ना काही विणतात. कुणाला मोजे, कुणाला कानपट्टी. गेलेलं माणूस अशानं सगळ्यांच्या अंगावर थोडंथोडं राहतं. आई गेली तेव्हा तिचा मरून स्वेटर मी उसवला. जुनी लोकर उसवली की शेवयांसारखी कुरळी निघते. तिला उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरावं लागतं, मग ती सरळ होते. मी वाफेवर धरत होतो आणि वाफेनं डोळ्यांत पाणी येत होतं. वाफेनंच.

त्या लोकरीत विलासचा वाटा आईनंच ठेवला होता. विलास नोकरीसाठी पुण्याहून मैसूरला आला तेव्हा पहिला हिवाळा आमच्या घरी राहिला होता. आई त्याला रोज सकाळी गरम इडली वाढायची, रात्री पांघरूण सरळ करायची. जायच्या आधी म्हणाली होती, "त्या पुण्याच्या पोराला विसरू नको हं. त्याला इथं कोण आहे?" म्हणून मफलर. म्हणून माझा एवढा मोठा आवाज. म्हणजे त्या दिवशी कुत्र्याच्या दाढेखाली काय होतं, ते आता कळलं असेल.

आणि हा विलास कोण? मैसूरला येऊन पस्तीस वर्षं झाली तरी ज्याला कानडीतलं एक अक्षर येत नाही, आणि याचा ज्याला पदकासारखा अभिमान आहे, तो. "मला काही अडलं नाही," म्हणतो. कानडी पाट्यांना म्हणतो, "काय या जिलब्या तळून ठेवल्यात भिंतीवर!" आणि आमच्या मराठीला म्हणतो, "भाऊजी, तुमचं बोलणं म्हणजे बिसिबेळेबात. डाळ कुठली, भात कुठला, काही पत्ता लागत नाही." चारचौघांत म्हणतो. मी हसतो. घोडदळातली माणसं आधी हसतात. मग घोडा वळवतात.

त्या रविवारनंतर महिनाही झाला नसेल, त्याचा शालनला फोन आला. मुलानं कॅनडाला बोलावलंय. तिकडं गुडघ्याएवढा बर्फ. दुकानातलं लोकरीचं त्याच्या कातडीला टोचतं. तर भाऊजी एक टोपी, एक हातमोज्यांची जोडी विणून देतील का? "त्या दिवशीचं त्यांनी मनावर घेतलं नाही ना?"

शालननं फोनवर हात ठेवून माझ्याकडं पाहिलं. मी शिरा खाल्ल्यासारखा गोड चेहरा केला. "सांग त्याला, देतो की. आनंदानं देतो."

"खरंच?"

"घरचा माणूस आहे. बर्फात जाणार. त्याचं डोकं उघडं कसं राहू देईन मी?"

तिनं आपल्या सुया काढल्या. मग म्हणाली, "टोपी करा तुम्ही. हातमोजे मी करते. तुमचा अंगठा नेहमी केळफुलासारखा होतो." हे खरं होतं. आईनं मला सगळं शिकवलं, पण अंगठा तिनं सुनेलाच दिला. मला मनातून राग आला तो तिच्या उत्साहाचा. भाऊ म्हटला की माहेर लगेच सुयांवर चढतं! पण माझं डोकं तोवर टोपीत गेलं होतं.

राखी रंगाची नवी, मऊ लोकर आणली. आणि कुत्र्याच्या तोंडातनं सोडवलेला तो मफलर उसवला. चावलेलं टोक फेकलं, उरलेलं धुतलं, वाफेवर सरळ केलं. बेत असा होता. टोपी राखी, आणि कडेनं गोल फिरत जाणारी मरून नक्षी. नक्षी म्हणजे कानडी अक्षरं. अक्षरांत एवढंच: ई टोपी नायीदु. म्हणजे, ही टोपी कुत्र्याची आहे.

यात खोटं काय होतं सांगा. नक्षीची लोकर खरंच कुत्र्याच्या गळ्यातली होती. मी नुसती माहिती देत होतो. आणि ती माहिती आईच्या लोकरीनं, आईच्या भाषेत दिली जाणार होती. बाई आयुष्यात कुणाला उणं बोलली नाही. म्हटलं, एकदा बोलू दे.

काम सोपं नव्हतं. कानडी अक्षरं गोल, टाके चौकोनी. जुन्या शब्दकोड्यांच्या चौकटी रंगवून रंगवून मी अक्षरं बसवली. माझा 'टो' पहिल्यांदा भोपळ्यासारखा आला, दुसऱ्यांदा गरोदर म्हशीसारखा. दोन रंगांच्या विणीत जो रंग पुढं नको असतो तो मागून, गुपचूप, सैल ओढत न्यावा लागतो. जरा ताण पडला की कापड आवळतं. पहिली टोपी मी अशी दात-ओठ खात विणली की ती झाली लिंबाएवढी. आई खरं सांगायची. उसवली. पुन्हा रागानं बसलो, पुन्हा लिंबू. तिसऱ्या खेपेला मी आधी तळ्याला फेरी मारून आलो, कॉफी प्यालो, गुणगुणत बसलो, आणि वीण अशी सुटसुटीत आली की विचारू नका. तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी सात गारद करणाऱ्या खापरपणज्यांनाही कळली नसेल. राग मुठी आवळून करता येतो. सुडाला सैल हात लागतो. मनापासून, प्रेमानं, एकेक टाका सारखा घालत जावं लागतं. त्या मार्गशीर्षातल्या दुपारी मी जेवढ्या मायेनं विलासचं डोकं मनात धरून विणत बसलो, तेवढ्या मायेनं मी स्वतःच्या लेकीसाठीही विणलं नसेल.

समोर शालन हातमोजे घेऊन बसायची. अंगणात ऊन, उन्हात शेंगांची सालं, दोघांच्या सुयांची टिकटिक. मधेच मी तिला म्हणायचो, "जरा जाड कर. लाडका आहे तुझा." ती मान वर करायची नाही. "बघते," म्हणायची.

माल पोचवायला आम्ही येलवालला गेलो. विलासनं टोपी डोक्यावर चढवली, आरशापुढं उभा राहिला, मान इकडं वळवली, तिकडं वळवली.

"वा! भाऊजी, फिटिंग झकास. आणि ही नक्षी काय काश्मिरी?"

"घराण्यातली आहे," मी म्हणालो. "जुनी."

"उठून दिसते हं." मग शालनला, "ताई, हातमोजे तिकडंच घालीन. इथं घातले तर घामच फुटायचा." दोऱ्यानं बांधलेली जोडी त्यानं तशीच बॅगेत टाकली. टोपी मात्र काढवेना. ती घालूनच तो आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. फाटकावरचा वॉचमन मंड्याकडचा, अस्सल कानडी. त्यानं सलाम केला, टोपी वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याला असा खोकला लागला की मला वाटलं याला आता दवाखान्यात न्यावं लागतंय.

"काय रे, काय झालं?" विलासनं विचारलं.

"एनु इल्ला सार्," वॉचमन डोळे पुसत म्हणाला. काही नाही साहेब. "टोपी तुंबा चेन्नागिदे." टोपी फारच छान आहे.

"बघा!" विलास मला म्हणाला. "यालासुद्धा कळतं."

परतताना स्कूटरवर मी इतका हसलो की मैसूरपर्यंतच्या सगळ्या म्हशी रस्ता सोडून उभ्या राहिल्या. शालन मागं पिशवी सांभाळत बसली होती. तिला कानडी माझ्याइतकंच वाचता येतं. मला वाटलं, भावाची बाजू घेऊन घरी गेल्यावर भांडेल. भांडली नाही. घरी जाऊन तिनं भात टाकला.

मग मी वाट बघत बसलो. बर्फाचा प्रदेश मी पाहिलेला नाही, पण तिकडं कानडी माणसं पुष्कळ आहेत हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या गल्लीतलीच निम्मी पोरं तिकडं आहेत. माझ्या डोळ्यांपुढं चित्र असं: पांढराशुभ्र बर्फ, त्यात विलास, आणि त्याच्यामागं बोट दाखवून हसणारी माणसांची रांग, थेट उत्तर ध्रुवापर्यंत. रोज सकाळी मी देवाला दिवा लावताना ती रांग थोडी लांबवत असे.

संक्रांत होऊन गेली आणि एके दुपारी फोन आला. शालन अंगणात भिजवलेले अवरेकाळू सालातनं पिळून काढत होती, हात ओले, म्हणून तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकून पायरीवर ठेवला. मी कान टवकारून जवळ सरकलो.

"ताई! भाऊजी आहेत का? भाऊजी, तुमच्या टोपीनं काय कमाल केलीय!"

"काय झालं हो?" मी आवाज जमेल तेवढा निष्पाप ठेवला.

"अहो, रस्त्यात लोक थांबवतात मला! परवा बसस्टॉपवर एक बाई टोपी बघून खो खो हसत आली, कानडीत बोलायला लागली. मी आपला हसलो. ती घरी जेवायला घेऊन गेली! तिच्या नवऱ्यानं माझ्याबरोबर फोटो काढला. काल देवळात तर दहा जण भोवती. सगळे म्हणतात, अंकल, यू आर टू गुड. इथं पोरगा आणि सून दिवसभर कामावर, मी एकटा खिडकीत बसायचो. आता रविवार रिकामा नाही मला. कानडी माणसं फार प्रेमळ हो, भाऊजी. मला उगीच वाटायचं..."

मी एवढी सुई टोचली, आणि या माणसाला त्यातनं जेवणं मिळाली! नक्षी वाचून कुणी त्याला मूर्ख समजलं नाही. सगळ्यांना वाटलं, केवढा खट्याळ म्हातारा, स्वतःवरच विनोद करून फिरतो! मैसूरच्या घोडदळाचा इतका दारुण पराभव इतिहासात झालेला नाही.

"आणि ऐका," विलास पुढं म्हणाला, "मी कानडी शिकायला लागलोय. तो बसस्टॉपवाल्या बाईंचा नवरा शिकवतो. बोलायला नाही हो, आधी अक्षरं. अ, आ, इ, ई झालं. गंमत सांगू? तुमच्या नक्षीत एक आकृती आहे ना, ती हुबेहूब त्या ई सारखी दिसते!"

मी सरळ बसलो. अंगात परत रक्त फिरायला लागलं. मनातल्या मनात मी कानडी बाराखडी म्हणायला सुरुवात केली. ई झाली. ट यायचा आहे. प यायचा आहे. न यायचा आहे. अहाहा! दुसऱ्यानं हसणं ते काय, एका दिवसाचं. हा स्वतःच्या डोळ्यांनी, एकेक अक्षर कष्टानं लावत, स्वतःच्या डोक्यावरून उतरवून वाचणार होता. पुढ्यात शिक्षक बसलेला असताना! घोडा मी वळवला नव्हता, आपोआपच वळला होता.

"शिका, शिका विलासराव," मी म्हणालो. "मन लावून शिका. मध्ये सोडू नका."

"सोडतोय कुठला! बरं, ताई, एक सांगायचं राहिलं. ते हातमोजे. डावा अगदी मस्त बसतो. उजव्याचं काहीतरी बिनसलंय. सारखा फिरतो, अंगठा हाताच्या पाठीवरच येतो. परवा अंगणातला बर्फ उपसत होतो, तर फावडं धरवेना. बोटं गारठून लाकूड झाली बघ. रोज तेच."

"घालत राहा," शालन म्हणाली. "लोकर आहे, हळूहळू बसेल."

फोन बंद झाला. दोन चिमण्या शेंगांच्या सालांवर आल्या होत्या, त्या उडाल्या. मी तिच्याकडं बघितलं. आईनं स्वतः शिकवलेला अंगठा, इतक्या वर्षांत हिचा एक हातमोजा कधी वाकडा गेला नव्हता.

"शालन," मी म्हणालो, "उजवा हातमोजा चुकला की काय गं तुझा?"

तिनं परातीतला एक दाणा उचलला, बोटांनी दाबला, साल बाजूला टाकलं.

"चुकला नाही," ती म्हणाली. "दोन्ही डावेच विणले."